परवान्यांची दारूबंदी

महाराष्ट्रात दारूविक्रीचा म्हणून कायदा नाही. आहे तो दारूबंदीचा. ब्रिटिशांच्या 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याचा डोळा महसुलावर होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 चा दारूबंदी कायदा केला आणि 1950 पासून पूर्ण बंदी आली. 1951 मध्ये त्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी कायम ठेवला. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने मात्र बंदीतून सुटली.

हातभट्ट्या फोफावल्या, तेव्हा 1960 च्या दशकात वसंतराव नाईक सरकारने बंदी सैल केली, उठवली नाही. विक्री परवान्यावर आली: वाइन शॉपला एफएल-2 प्रकारचा परवाना, बारला एफएल-3, देशी दारूच्या दुकानाला सीएल-3. पिणाऱ्यालाही परवाना हवाच; 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आले. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना 5 रुपयांचा, देशीचा 2 रुपयांचा. आजन्म परवाना 1000 रुपयांचा. तोही कागदोपत्री प्रकृती राखण्यासाठी! काउंटरवर तो क्वचितच कोणी मागतो, पण नसला तर गुन्हा ठरतो.

1970 च्या दशकापासून नव्या वाइन शॉपना परवाने देणे जवळपास थांबले. त्यामुळे जुना परवाना हीच मालमत्ता झाली: तो हस्तांतरित होतो, भागीदारीत फिरतो. वस्ती जिकडे वाढते तिकडे दुकानही स्थलांतर मागते, आणि रहिवाशांशी तंटा सुरू होतो.

या तंट्यावरचा उतारा म्हणजे 'आडवी बाटली'. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या वा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मेख पुढे आहे. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात; झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. यादीतली मयत आणि सासरी गेलेली नावेही दुकानदाराच्याच बाजूने मोजली जातात. म्हणून यादीची दुरुस्ती सह्यांच्या आधी करून घ्यावी.

जिल्हाभर दारूबंदी वर्ध्यात 1974 पासून, गडचिरोलीत 1993 पासून आहे. चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, पण विरोधामुळे अमलात आला नाही. 2025 मध्ये विदेशी दारूवरचे उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या 3 पटींवरून साडेचार पट करण्याचे ठरले.