संदर्भ वेगळा, निर्णय वेगळा: एआय कोडिंग एजंटांमध्ये काय आणि कसे वाटावे

एकाच प्रकल्पावर दोन-तीन एआय कोडिंग एजंट (स्वतः कोड वाचून तो लिहिणारे-बदलणारे एआय प्रोग्राम) काम करू लागले, की एकाला सांगितलेले दुसऱ्याला ठाऊक नसते ही तक्रार लवकरच सुरू होते. मग ‘सगळ्यांना सगळा संदर्भ द्या’ असा उपाय सुचवला जातो आणि तिथेच दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. संदर्भ म्हणजे प्रकल्प आज कसा आहे याची माहिती. निर्णय म्हणजे तो तसा का आहे आणि कोणता मार्ग विचारांती सोडून दिला, याची माहिती. दोन्ही मजकुराच्याच रूपात कॉन्टेक्स्ट विंडोमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी विचारात घेऊ शकते त्या मजकुरात, जातात, त्यामुळे त्या एकच वाटतात.

ग्राहकाचे पैसे वळते करणारे एक फंक्शन घेऊ. पेमेंट सेवेकडून वेळेत उत्तर आले नाही, तर तीच विनंती पुन्हा पाठवायची नाही, असे पहिल्या एजंटबरोबरच्या सत्रात ठरले. उत्तर आले नाही याचा अर्थ पैसे कापले गेले नाहीत असा होत नाही, आणि त्या सेवेत आयडेम्पोटन्सी कीची (तीच विनंती पुन्हा आल्यास ती ओळखून दुसऱ्यांदा अमलात येऊ न देणाऱ्या खुणेची) सोय नसल्यामुळे दुसऱ्या विनंतीने पैसे पुन्हा कापले जाण्याचा धोका होता. कोड लिहून झाला, सत्र संपले. दुसऱ्या दिवशी नव्या सत्रातला एजंट तेच फंक्शन उघडतो. फोल्डरची रचना, टेस्ट चालवण्याची कमांड, नावे देण्याची पद्धत हे सारे त्याला ठाऊक असते. नेटवर्क कॉलला रिट्राय (अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न) नाही, ही त्याला उणीव वाटते. तो तीन प्रयत्नांचा लूप घालतो आणि सगळ्या टेस्ट पास होतात. त्याला संदर्भ पुरेपूर मिळाला होता, पण न लिहिलेल्या ओळीमागचे कारण कोड वाचून कळण्याचा मार्गच नव्हता.

संदर्भ हरवला तरी बहुतेक वेळा तो पुन्हा उभा करता येतो: फाइली वाचाव्यात, गिटचा लॉग (कोडमधल्या बदलांची नोंद) पाहावा, टेस्ट चालवून बघावी. त्यासाठी एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड कोडची (अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या कोडिंग एजंटची) क्लॉड डॉट एमडी यांसारखी, एजंटसाठी प्रकल्पाची माहिती लिहिलेली फाइल पुरते. ती सत्राच्या सुरुवातीलाच वाचली जात असल्याने आटोपशीर असावी. विंडो मोठी असली म्हणजे तिच्यातले सगळे सारख्याच नेमकेपणाने वापरले जाते असे नाही. लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलांकडून अधिक सुटते, हे २०२३ मधल्या एका अभ्यासात दिसून आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने खुले केलेले मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल एजंटला बाहेरच्या साधनांशी आणि माहितीशी जोडून देते, परंतु काय जपून ठेवायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते.

निर्णयाचे कारण मात्र एकदा गेले की गेले. संभाषण फार लांबले, की अनेक साधने त्याचा सारांश करून पुढे जातात आणि अशा सारांशात ‘काय केले’ हे टिकते, ‘काय केले नाही आणि का’ हे सहज गळून पडते. म्हणून निर्णय संभाषणाबाहेर, रिपॉझिटरीतच, म्हणजे प्रकल्पाचा कोड जिथे ठेवला जातो तिथेच, लिहून ठेवला पाहिजे. मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्डची (सॉफ्टवेअरच्या रचनेविषयीच्या प्रत्येक निर्णयाची छोटी नोंद ठेवण्याची) पद्धत माणसांसाठी होती, तरी ती इथे चपखल बसते: शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्थिती आणि परिणाम. यातही ‘संदर्भ’ हा शब्द येतो, पण तो निर्णय घेतला त्या दिवशीचा, तिथेच गोठवलेला संदर्भ असतो. क्लॉड डॉट एमडीमधली जुनी ओळ खोडून नवी लिहिणे योग्यच आहे. निर्णयाची जुनी नोंद मात्र खोडायची नसते, नवी नोंद करून जुनीच्या स्थितीत ‘आता लागू नाही, नवी नोंद पाहा’ एवढेच लिहायचे असते.

नोंद केली तरी ती एजंटच्या नजरेस पडली पाहिजे. सगळ्या नोंदी प्रत्येक सत्रात ओतण्यापेक्षा पैसे वळते करणाऱ्या त्या फंक्शनच्या डोक्यावर नोंदीचा क्रमांक देणारी, ‘मुद्दाम रिट्राय नाही, निर्णय १४ पाहा’ अशी एका ओळीची कॉमेंट मला कितीतरी भरवशाची वाटते, कारण कोड बदलायला निघालेला एजंट तिथूनच जातो.

नोंदीतल्या ‘स्थिती’ या रकान्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, आणि एजंटांच्या बाबतीत ते महागात पडते. एका एजंटने केलेला अंदाज ठाम वाक्यात लिहिला गेला, की पुढचा एजंट त्याला नियम समजून चालतो. त्यामुळे एजंटने लिहिलेली नोंद माणसाने वाचून मान्य करेपर्यंत ‘प्रस्तावित’ राहावी. पुढे त्या पेमेंट सेवेत आयडेम्पोटन्सी की आली, तर निर्णय १४ वाचणाऱ्या एजंटला मूळ कारण उरले नसल्याचे दिसेल, आणि रिट्राय परस्पर घालण्याऐवजी तो निर्णय १५ चा मसुदा माणसापुढे ठेवू शकेल.