निकष बदलला की रुग्ण बदलतो

रावेरचे एक केळी बागायतदार घेऊ. कमरेचा घेर ९४ सेंमी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १६०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ४२, उपाशीपोटी साखर १०४, रक्तदाब १२६/८०. दुसरी धडगावच्या डोंगरातली एक सडपातळ बाई. घेर ७६, ट्रायग्लिसराइड १७०, एचडीएल ४२, साखर ९६, रक्तदाब १३४/८६. दोघंही उदाहरणापुरतीच, पण असे आकडे कोणत्याही तपासणी शिबिरात सापडतील. यांपैकी मेटाबॉलिक सिंड्रोम कोणाला?

हीच पाच मोजमापं एकाच माणसात थोडी थोडी बिघडणं म्हणजे हा सिंड्रोम, आणि त्याने पुढे मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ‘थोडी’ म्हणजे किती, इथे मतभेद सुरू होतात, आणि एखाद्या पाहणीत किती टक्के लोक रुग्ण निघतात हे त्यावरच ठरतं.

अमेरिकेच्या २००१च्या एटीपी-३ (कोलेस्टेरॉलवरच्या तज्ज्ञ समितीच्या) निकषानुसार पाचांपैकी कोणतीही तीन बिघडलेली हवीत. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. एचडीएल पुरुषांत ४०च्या आणि बायकांत ५०च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर, दोन्हींपैकी एक आकडा पुरे. साखर ११०पासून पुढे, २००५मध्ये ती १००वर आणली. घेर पुरुषांत १०२च्या आणि बायकांत ८८च्या वर. या हिशेबाने धडगावची बाई सापडते, बागायतदार सुटतात. साखरेची रेषा १००वर आणली तरी त्यांची दोनच मोजमापं भरतात.

घेराची ही रेषा आपल्याला सैल पडते. दक्षिण आशियाई माणसाच्या पोटात कमी घेरातही जास्त चरबी साठते. म्हणून आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००५मध्ये आपल्यासाठी पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंमी धरले, पण घेर सक्तीचा केला: तो वाढलेला असेल तरच बाकी चारांतली दोन पाहायची. आता बागायतदार सापडतात आणि बाई सुटते.

दोन्ही निकषांनी उत्तर ५० टक्केच आलं, पण माणूस वेगळा. दोन अहवालांत टक्के जुळले म्हणून निश्चिंत होऊ नये ते यासाठी. घेराची सक्ती सातपुड्यातल्या किडकिडीत लोकांना यादीबाहेर ठेवते, आणि माझ्या मते हा तिचा मोठा दोष आहे.

२००९मध्ये अनेक संस्थांनी मिळून सक्ती काढली आणि घेर त्या त्या लोकसमूहाप्रमाणे धरायचं ठरवलं. कोणतीही तीन, आपल्यासाठी ९० आणि ८०. आता दोघंही रुग्ण, १०० टक्के. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या व्याख्येत मधुमेह, वाढलेली साखर किंवा इन्शुलिनचा प्रतिरोध (शरीरावर इन्शुलिनचा नीट परिणाम न होणं) सिद्ध होणं ही पहिली अट, आणि उपाशीपोटी साखरेची रेषा ११०. ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली नाही आणि नुसती उपाशीपोटीची पाहिली, तर दोघंही सुटतात. शून्य टक्के.

निकष एकच ठेवला तरी मोजणीत घसरायला जागा असतेच. टेप शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, त्वचेवर, आडवी सरळ धरायची आणि सहज श्वास सोडल्यावर वाचायची. लुगड्याच्या किंवा धोतराच्या घडीवरून धरली तर आकडा फुगतो. दूध-साखरेचा चहा घेऊन आलेला माणूस उपाशी धरता येत नाही.

साखरेच्या नळीचं तर खानदेशात फारच जपावं लागतं. नळीतल्या रक्तपेशी ग्लुकोज वापरत राहतात. साध्या नळीत खोलीच्या तापमानाला साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरते, उन्हात त्याहून लवकर. भुसावळच्या मे महिन्यात गाडीत तासभर राहिलेला १०४चा नमुना सहज ९८ दाखवेल, आणि आपले बागायतदार २००९च्या निकषातूनही निसटतील. पेशींचा हा वापर रोखणाऱ्या फ्लोराइडची नळी वापरावीच, पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात. म्हणून नळी लगेच बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) लवकर वेगळा करावा.

औषधांची नोंदही हवी. रक्तदाबाची गोळी घेऊन १२२/७८ आलेला माणूस २००५पासूनच्या निकषांत ‘बिघडलेला’च मोजतात. हा प्रश्न विचारायचा राहिला की टक्का खाली येतो. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं, त्यामुळे चाळिशीपुढच्यांचं शिबिर आणि १८ वर्षांपासूनची पाहणी शेजारी ठेवून जळगाव पुढे की नंदुरबार, हे ठरत नाही.

पाहणी करणाऱ्यांनी तक्त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच न लिहिता पाचही मोजमापं, वय, गोळ्या आणि शेवटचं खाल्ल्याची वेळ लिहून ठेवावी. मग निकष उद्या बदलला तरी तेच आकडे नव्याने मोजता येतात, आणि धुळ्याच्या तक्त्याची नंदुरबारच्या तक्त्याशी तुलना करता येते.