हायड्रॉलिक सस्पेन्शन : जादा वजनासाठी फेरबदल

तेलाच्या प्रेशरवर गाडीची उंची कमीजास्त करता येते अशा सस्पेन्शनला कायमच्या जादा वजनासाठी तयार करणं, म्हणजे स्प्रिंगा बदलणं, गॅसचे गोळे बदलणं आणि मग उंची अन प्रेशर परत बसवणं, हे सगळं मिळून हा फेरबदल. मराठवाड्यात 'हायड्रॉलिक' हा शब्द गावोगाव पोचला तो बहुतेक ट्रॅक्टरमुळे, "हायड्रॉलिक उचलंना" म्हटलं की मागची लिफ्ट, त्यानंतर ट्रॉली पलटी करायचा जॅक, आणि आता तर साध्या तेलाच्या शॉकअपलाही हायड्रॉलिकच म्हणतात. इथे त्यातलं काहीच धरलेलं नाही. शॉकअप गाडीची उसळी दाबतो, वजन पेलत नाही. या नोंदीतलं सस्पेन्शन वजन पेलतं, कधी सगळं, कधी थोडंच, आणि सगळा घोळ त्या 'थोडंच' मध्ये आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. साधारणपणे श्रेय फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीला आणि तिथल्या पॉल माजेस यांना देतात, १९५४ मध्ये ट्रॅक्शन अव्हाँ १५-सिक्स एच या गाडीच्या फक्त मागच्या चाकांना ही रचना आली आणि १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात डीएस गाडीच्या चारही चाकांना. पण गॅस आणि तेल एकत्र वापरून धक्का झेलायची कल्पना त्याहून बरीच जुनी. फ्रेंचांच्या १८९७ च्या ७५ मिलिमीटर तोफेत बार उडाल्यावर नळी मागे येऊन परत जागेवर बसायची ती याच तत्त्वावर, आणि विमानाच्या चाकांच्या पायात तेल-हवेची रचना पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिसायला लागते. जॉर्ज मेसिए यांनी तर १९२० च्या दशकात बिनस्प्रिंगच्या, हवेच्या सस्पेन्शनच्या मोटारी विकल्या होत्या. म्हणून काहीजण मूळ मान मेसिएंना देतात. प्रस्तुत नोंदीचा कल मात्र माजेस यांच्याकडे, कारण वजन वाढलं की इंजिनावरच्या पंपाने आपोआप तेल भरून उंची कायम ठेवणं, हा जो या सस्पेन्शनचा जीव आहे, तो रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत रुळला तो त्यांच्याच कामातून. १९६२ ची ब्रिटिश हायड्रोलास्टिक रचना पुष्कळदा याच कुळात घालतात, पण तिच्यात तेल कायमचं बंद, पंप नाही आणि स्प्रिंग रबराची, त्यामुळे ती इथे बसत नाही.

काम कसं चालतं ते नीट समजून घेतल्याशिवाय फेरबदलाला हात घालू नये. लोखंडी गोळ्यात मधे रबरी पडदा, एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. तेल दाबलं जात नाही, गॅस दाबला जातो, म्हणजे खरी स्प्रिंग गॅसची आणि तेल नुसतं मधला निरोप्या. समजा गोळा ४०० घनसेंटीमीटरचा आणि त्यात ५० बारने (बार हे प्रेशरचं माप) गॅस भरलाय. गाडीच्या वजनाने तेलाचं प्रेशर १०० बार झालं तर गॅस २०० घनसेंटीमीटरमध्ये मावतो, आणि त्या चाकावर पंचवीस टक्के वजन वाढवलं की १२५ बार होऊन १६०. उंची पंप सांभाळतो, गाडी बसलेली दिसत नाही, पण स्प्रिंग मात्र दीडपटीहून जास्त कडक झालेली असते, कारण प्रेशर वाढलं आणि गॅसची जागाही कमी झाली, दोन्हीकडून मार. गाडी दगडासारखी आदळते ती यामुळे. यावर उपाय ऐकायला उलटा वाटतो, गोळ्यात गॅस जास्त भरायचा. ५० च्या जागी साधारण ६२ बार भरला की १२५ बारवरही गॅसला जवळपास २०० घनसेंटीमीटर जागा मिळते, म्हणजे सव्वापट वजनाला सव्वापट कडकपणा, चाल पहिल्यासारखी. मात्र गाडी रिकामी झाल्यावर तेलाचं प्रेशर भरलेल्या गॅसच्या खाली गेलं तर पडदा गोळ्याच्या तोंडाशी जाऊन चिकटतो आणि त्या चाकाला स्प्रिंगच उरत नाही. म्हणून वजन कायम राहणार असेल तरच हे करावं, नाहीतर मोठ्या आकाराचा गोळा बरा.

वरचा प्रकार सगळं वजन तेल-गॅसवर पेलणारा, दुसरा प्रकार मिश्र. १९९८ मध्ये आलेल्या १०० सिरीजच्या टोयोटा लँड क्रूझरच्या काही मॉडेलमध्ये पुढे टॉर्शन बार (पिळावर स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी दांडी), मागे कॉइल स्प्रिंग आणि त्यांच्या जोडीला तेल-गॅसची यंत्रणा असते. यात बरंचसं वजन लोखंडाने पेलायचं आणि तेलाने वरचं तेवढं सांभाळायचं अशी वाटणी आहे. स्प्रिंग थकली किंवा वजन वाढलं की ती वाटणी बिघडते, उंची बघणाऱ्या सेन्सरला गाडी खाली गेलेली दिसते, पंप तेल भरतो, उंची येते पण प्रेशर मर्यादेबाहेर जातं.

याचा नमुना लातूरच्या एका गॅरेजमध्ये बघायला मिळाला. अशाच एका जुन्या गाडीत मागच्या सीट काढून शेतावर पाणी न्यायला तीनशे लिटरची टाकी बसवली होती, म्हणजे भरली की तीनशे किलो पाणीच. गाडी मागून बसते म्हणून आधी कुणीतरी सेन्सरची दांडी फिरवून उंची वाढवून दिलेली, मालक खूष, आणि आठ दिवसांत गाडी बैलगाडीसारखी चालायला लागली. मिस्त्रीने आधी टाकी पूर्ण भरायला लावली, चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावला, मग मागे जाड तारेच्या कॉइल टाकल्या, पुढच्या टॉर्शन बारचे बोल्ट थोडे थोडे आवळले, दांडी मूळ जागेवर आणली आणि सगळ्यात शेवटी प्रेशर मोजलं. क्रम हाच, उंची आधी आणि प्रेशर नंतर, आणि प्रेशर जास्त आलं तर परत लोखंडाकडे जायचं. गोळे संपत आलेत का हेही त्याने तेव्हाच बघितलं, गाडी पूर्ण वर आणि पूर्ण खाली केल्यावर सस्पेन्शनच्या तेलाच्या डब्यातल्या पातळीत फरक किती पडतो त्यावरून. फरक कमी म्हणजे गोळ्यातला गॅस गेला.

तेलाबाबत हयगय चालत नाही. सित्रोएनचं सुरुवातीचं तेल वेगळ्या जातीचं होतं, १९६६-६७ च्या सुमारास हिरवं खनिज तेल आलं, आणि एकाचं तेल दुसऱ्यात पडलं की रबरी सील फुगून वाया जातात. ब्रेक ऑइल तर अजिबात ओतू नये, तालुक्याच्या ठिकाणी हाताशी तेच असतं हा भाग निराळा.

मराठवाड्यात अशा गाड्या मोजक्याच. इथला रोजचा प्रकार म्हणजे पिकअपला मागे स्प्रिंगचा पाटा वाढवणं, आणि काळ्या रेगड मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे लाटा आलेल्या डांबरावर पाट्यांचा कस लागतो तो वेगळाच. दोन्हीकडे एक धोका सारखा आहे. बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकला किती प्रेशर सोडायचं ते एक व्हॉल्व्ह ठरवतो, आणि त्याला वजन कळतं ते मागचा भाग किती दबला यावरून. पाटा वाढवला किंवा कडक कॉइल टाकली की भरलेली गाडीही दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. व्हॉल्व्हची दांडी परत बसवून घ्यावी लागते, पण पाटेवाल्याकडे हे काम सहसा कुणी सांगतच नाही.

सस्पेन्शन कितीही भक्कम केलं तरी कागदावरचं पासिंग, म्हणजे मंजूर वजन, तेवढंच राहतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा खर्च गाडीवाल्याकडेच.