हरारेच्या ‘वारुळा’त पंखे आहेत

‘झिंबाब्वेत वाळवीच्या वारुळावर बेतलेली ऑफिसची इमारत आहे, एसी सोडा, तिला पंखाही लागत नाही!’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. इमारत खरी आहे. वास्तुविशारद मिक पीअर्स यांचं हरारेतलं ईस्टगेट सेंटर १९९६ मध्ये सुरू झालं. तिथं नेहमीसारखा मध्यवर्ती एसी नाही, हेही खरं. पंखे नाहीत, ही मात्र निव्वळ थाप.

उलट सगळी मदार पंख्यांवरच आहे. हरारे जवळपास दीड हजार मीटर उंचीवर, त्यामुळे रात्री गार. रात्री पंखे जोरात चालवून ती हवा पोकळ फरशांमधून खेळवतात. आत काँक्रीटचे दात मुद्दाम पुढे काढलेत, म्हणजे हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि काँक्रीट थंडावतं. दिवसा पंख्यांचा वेग कमी. त्याच फरशांतून आलेली हवा खोल्यांत शिरते आणि तापली की छताजवळून निघून धुराड्यांवाटे बाहेर पडते. थंडीसाठी छोटे हीटरही आहेत.

गंमत म्हणजे वारुळाच्या आतलं तापमान कायम स्थिर राहतं, ही मूळ गोष्टही कच्चीच निघाली. स्कॉट टर्नर आणि रुपर्ट सोअर या संशोधकांनी आफ्रिकेतली वारुळं तपासली, तर आतलं तापमान आजूबाजूच्या मातीबरोबरच वरखाली होतं. वरचा डोलारा मुख्यतः श्वासोच्छ्वासासाठी.

आणि ‘मुंबईत असं का नाही?’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातली मुंबईची रात्र आठवावी. काँक्रीट गार करायला गार हवा आणणार कुठून? शिवाय दमटपणा पंख्याने जात नाही.