पोहणं आणि सरपटणं: चाल एक की दोन?

घोडा दुडकी सोडून चौखूर उधळला की चाल बदलली हे कुणालाही कळतं. पायच नसलेल्या प्राण्याचं काय? या प्रश्नाचा वाद रंगला तो जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीवरून, सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्सवरून.

प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी 1933 मध्ये ईल माशाच्या पोहण्याचा अभ्यास मांडला: अंगातून मागे सरकणारी लाट पाण्याला ढकलते आणि प्राणी पुढे जातो. 1964 मध्ये त्यांनी हान्स लिसमन यांच्यासोबत सूत्रकृमींच्या चालीवर लिहिलं. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी 1974 मध्ये एलेगन्सची जनुकशास्त्रीय मांडणी केली आणि 1986 मध्ये त्याच्या 302 चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशाही आला. इतकी पूर्ण यंत्रणा हाताशी असल्यावर हाच कृमी निवडला जाणार, हे उघड होतं.

पाण्यात तो सेकंदाला साधारण दोन वेळा वळवळतो आणि अंगाचा आकार इंग्रजी सी सारखा होतो. अगारच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात त्या जेलीसारख्या पदार्थाच्या, ओल्या पृष्ठभागावर मात्र वेग मंदावतो, दोन सेकंदांना एखादीच लाट जाते आणि अंगावर एस उमटतो. कारण साधं आहे. पाण्याचा पातळ थर पृष्ठताणामुळे कृमीला अगारवर दाबून धरतो. बाजूला घसरणं अवघड होतं, पण लांबीच्या दिशेनं सरकणं त्यामानानं सोपं राहतं. म्हणून शेपूट डोक्याच्याच वाटेनं जाते. पाण्यात ही पकड नसते आणि बरीचशी वळवळ वाया जाते.

2008 मध्ये एका गटानं या दोन वेगळ्या चाली असल्याचं म्हटलं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या गटानं उलट दावा केला: माध्यम टप्प्याटप्प्यानं घट्ट करत नेलं तर चाल कुठेही उडी मारत नाही, हळूहळू बदलते. 2010 च्या प्रयोगांतही, माध्यमाचा विरोध सुमारे 10,000 पट बदलत नेला तरी, तेच दिसलं. मला हा पुरावा जड वाटतो. तरी 2011 मध्ये सरपटण्यासाठी डोपामिन आणि पोहण्यासाठी सेरोटोनिन ही चेतापेशींमधली निरोप्या रसायनं लागतात असं दिसल्यानं, चाल एक धरली तरी ती बदलायला मेंदूकडून काहीच इशारा लागत नाही, असं म्हणता येईना.

लाट अंगातून मागे कशी जाते हे शोधण्यासाठी 2012 मध्ये संशोधकांनी कृमीचा मधला भाग वाकड्या सूक्ष्म नळीत अडकवून पाहिला. मागचा भागही त्याच बाजूला वळला. म्हणजे अंगाचा प्रत्येक तुकडा पुढच्याचा वाक ओळखतो आणि लाट तशीच मागे सोपवतो.