प्रत काढली की चित्र खराब होते का?

'चित्रपटाच्या डीव्हीडीची प्रत काढली की चित्र फिके पडते, आणि प्रतीची प्रत तर आणखीच,' असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. व्हिडिओ कॅसेटच्या काळात तो खराच होता, कारण टेपवरचा ॲनालॉग (आकड्यांत नव्हे, तर सलग बदलत्या लहरींच्या रूपातला) संकेत प्रत्येक नकलेत थोडा क्षीण होत असे. डीव्हीडीवर मात्र केवळ आकडे असतात; ते जसेच्या तसे उतरले, तर दहावी प्रतही पहिलीइतकीच स्पष्ट दिसते. फरक पडतो तो दोन थरांच्या तबकडीवरील ८.५ जीबीपर्यंतचा मजकूर ४.७ जीबीच्या कोऱ्या तबकडीत दाटीवाटीने बसवल्यास, आणि तो दोष आकुंचनाचा असतो, नकलेचा नव्हे. पडताळणीसाठी पहिल्या प्रतीतील एखादी फाइल आणि प्रतीच्या प्रतीतील तीच फाइल घेऊन दोहोंचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलमधील सगळ्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, काढावा. एक बिट जरी बदललेला असला, तरी आकडा वेगळा येतो.