झुडपी : वेणेकाठच्या मौजांमागचा एक शब्द

हिंगण्याहून बुटीबोरीच्या अंगाने निघालं की धुऱ्याधुऱ्यांवर ले-आउटवाल्यांचे फलक दिसतात. वर एखाद्या देवाचं किंवा फुलाचं नाव, खाली बारीक अक्षरांत ‘मौजा अमुक, ख. नं. इतका, प. ह. नं. इतका’. पुण्या-साताऱ्याकडचा माणूस या ओळीपाशी अडखळतो, कारण त्याच्याकडे गट नंबर असतो. खसरा (जमिनीच्या तुकड्याचा नंबर) आणि पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावं) हे मध्य प्रांताच्या कारभाराचे शब्द. नागपूर जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. सातबारा आला, पटवाऱ्याचा तलाठी झाला, आता तलाठ्याचाही ग्राम महसूल अधिकारी झाला. गावात मात्र अजून ‘पटवारी आला का’ असंच विचारतात.

फलकावरचं मौजा म्हणजे गाव, असंही धरून चालता येत नाही. काही मौजांत एकही घर नसतं. कधीकाळी वस्ती उठून गेली, शिवार तेवढं राहिलं. कागदावर त्यांना रिठी म्हणतात. आज अशाच एखाद्या रिठीत सिमेंटचे खांब रोवून प्लॉट विकले जातात आणि दीडेकशे वर्षांनी तिथे पुन्हा वस्ती होते. पण रिठीचा घोळ सोपा आहे. खरा चिवट शब्द दुसराच : झुडपी, म्हणजे सरकारी कागदावर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली जमीन.

तो कळायला आधी जमीन पाहावी लागते. नागपूरच्या पश्चिमेच्या उंचवट्यावर पडणारं पाणी दोन बाजूंना फुटतं. नाग शहरातून पूर्वेकडे जाऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वेणा मात्र बाजारगावाकडून हिंगणा, बुटीबोरी करत दक्षिणेला उतरते आणि हिंगणघाटावरून पुढे वर्धा नदीत पडते. एकाच धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पडलेले दोन थेंब पार चपराळ्याजवळ, वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता सुरू होते तिथे, पुन्हा भेटतात. वेणेच्या खोऱ्यात खाली बसाल्ट आहे. नदीकाठी माती खोल आणि काळी. टेकाडाकडे चढत गेलं की थर पातळ होत जातो, आणि माथ्यावर लालसर मुरूम उघडा पडतो.

इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्ताने, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाने, या मातीचे वर्ग पाडले तेव्हा नवे शब्द शोधले नाहीत, शेतकऱ्याच्या तोंडचेच घेतले. काळी म्हणजे खोल, चिकट, भेगा पडणारी. मोरांड म्हणजे चुनखडीचे खडे मिसळलेली, थोडी फिकट. खरडी उथळ आणि दगडगोट्यांची. आणि बरडी म्हणजे माथ्यावरची मुरमाड, जिच्यात वखर घालायचा म्हणजे पासेची झीज तेवढी. काळी आणि मोरांडीत पीक, खरडीत जमेल तसं पीक, बरडीवर ढोरं. पळस, बोर, हिवर, तरवड, अलीकडे सगळीकडे माजलेली रायमुनिया, एवढंच तिथे उगवतं. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर ढोरं गोळा व्हायची, ढोरकी ती हाकत बरडीवर न्यायचा, दिवेलागणीला परत. बरडीचा उपयोग हाच, आणि तो काही लहान नव्हता. शेणखत तिथूनच येत होतं.

या भागातली वस्ती फार जुनी आहे. बुटीबोरीजवळच्या टाकळघाट-खापा परिसरात लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत; शहराच्या पश्चिमेच्या जुनापाणीची तशीच वर्तुळं तर १८७९ सालीच उकरून पाहिली गेली होती. मेलेल्यांसाठी दगड तेव्हाच्या लोकांनी बहुधा मुरमाड, पडीक माथ्यावरच रचले, काळीत नाही. जमिनीची पारख तेव्हाही होती म्हणायचं. पुढे देवगडचे गोंड राजे, मग भोसले. दोन्ही राजवटींविषयी भरपूर लिहून झालेलं आहे. या गावांच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची : भोसल्यांच्या काळी गावचा पटेल हा मालक नव्हता. सारा गोळा करून भरणारा तो मध्यस्थ होता, आणि जास्त रक्कम कबूल करणारा दुसरा आला तर तो बदलताही येत असे.

१८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ साली मध्य प्रांत झाला, आणि त्या दशकातल्या बंदोबस्ताने या मध्यस्थाला गावाची मालकी देऊन टाकली. तो मालगुजार झाला. या निर्णयावर तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांतही मतभेद होते. मालकी असली की माणूस विहीर खोदेल, बांध घालेल, तळं राखेल, असा एक हिशेब होता. तळी राखली गेली हे खरंच. पूर्व विदर्भात त्यांना अजून मामा तलाव म्हणतात. मामा कोणाचा नाही, माजी मालगुजारी या दोन शब्दांची ती आद्याक्षरं. पण शेती कसणारा पिढ्यानपिढ्यांचा कास्तकार एका सहीसरशी कूळ ठरला, हेही तितकंच खरं, आणि माझ्या मते तेच मोठं.

मालकी नुसत्या कसलेल्या शेतांची नव्हती. अख्खं मौजा मालगुजाराच्या नावावर चढलं, त्यात बरडी, पांधण (शेताकडे जाणारी वाट), नाल्याचा काठ, पडीक सगळं आलं. रयतेला तिथे ढोरं चारायचा, जळण आणायचा, मुरूम-माती न्यायचा हक्क होता. त्याला निस्तार म्हणत, आणि तो वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावकागदात लिहिलेला असे. म्हणजे मालक एक, वापर सगळ्यांचा. पुढच्या सगळ्या गुंत्याची गाठ इथे मारली गेली.

मधल्या काळात पिकं बदलली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ दरम्यान कापसाला भाव चढला, १८६७ साली नागपूरला रेल्वे आली, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. तरी वेणेच्या वरच्या अंगाला गहू आणि जवस बराच काळ टिकले. १८९६ ते १९०० मधल्या दोन दुष्काळांनंतर पऱ्हाटी (कपाशी) आणि ज्वारी यांनी काळी व्यापली. खाली हिंगणघाटचा बणी कापूस तर बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जाई. मग एकोणीसशे ऐंशीनंतर सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला, कडबा गेला म्हणजे ढोरं कमी झाली. बरडीचं मोल आणखी उतरलं ते असं.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपवली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाराच्या घरच्या शेतीखेरीज बाकी सगळं सरकारजमा झालं. पडीक, बरडी, तळी, पांधणी, गावठाण, सगळं. आता या जमिनींची नोंद करायची होती. मोठी झाडं असतील ते ‘मोठ्या झाडांचं जंगल’ आणि खुरटी झुडपं असतील ते ‘झुडपी जंगल’, अशी वर्गवारी कागदावर उतरली. मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या गावकागदांत तिचं भावंड ‘छोटे झाड का जंगल’ अजून आहे आणि तिकडेही त्यावरून वाद होतच असतात. लिहिणाऱ्याच्या मनात जंगल नव्हतं. जिथे पीक होत नाही आणि ढोरं चरतात ती जागा, एवढंच त्याला सांगायचं होतं. वन खात्याने नव्हे, महसुलाने केलेली ही नोंद.

शब्दाची गंमत पाहायची तर वर्धा नदी ओलांडावी. पलीकडे जुना वऱ्हाड. तिथे मालगुजारी नव्हती, रयतवारी होती, म्हणजे मधला मालक नव्हता, कसणारा थेट सरकारला सारा भरे; त्यामुळे अमरावतीकडे तशीच मुरमाड, तशीच बोरी-हिवरांची, तशीच गुरचराईची जमीन कागदावर ‘ई-क्लास’ आहे. नावात जंगल नाही. झुडपीचा प्रश्न म्हणूनच नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांचाच. मातीत फरक नाही, कारकुनात आहे.

पहिली तीसेक वर्षं या नोंदीचं कोणाला ओझं वाटलं नाही. गावाला शाळा हवी, जागा कुठे? झुडपीत. दवाखाना, पाण्याची टाकी, भूमिहीनांची घरं, स्मशान, सगळं झुडपीत, कारण गावाकडे सरकारी म्हणावी अशी दुसरी जमीनच नव्हती. मग २५ ऑक्टोबर १९८० पासून वनसंवर्धन कायदा लागू झाला. वनजमिनीचा वापर बदलायला केंद्राची परवानगी आवश्यक ठरली. झुडपी ही वनजमीन आहे की नाही, यावर वन आणि महसूल या दोन खात्यांच्या फायली एकमेकींकडे फिरत राहिल्या. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘वन’ हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायचा आणि सरकारी कागदावर जे वन म्हणून नोंदलं आहे तेही, मालक कोणीही असो, त्यात धरायचं. एका महसुली कारकुनाच्या ‘झुडपी जंगल’ या दोन शब्दांतल्या एकाला त्या दिवशी देशाचा कायदा चिकटला.

राज्य शासनाचं म्हणणं होतं की यातली ८६ हजार ४०९ हेक्टर जमीन वनव्यवस्थापनाच्या कामाची नाही, ती मोकळी करावी. पर्यावरणाच्या बाजूचं म्हणणं असं की झुडपं म्हणजे निकामी जमीन ही समजूतच चुकीची; शहराभोवती उरलेली मोकळी जागा हीच, ती सोडली तर ले-आउट पडतील. हा आक्षेप पोकळ नाही. बुटीबोरीची औद्योगिक वसाहत, विमानतळालगतचा मिहान प्रकल्प, आणि शिवमडक्यापासून सुरू होणारा, डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग, यांनी वेणेच्या खोऱ्यातल्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे नेले. ज्या बरडीला कास्तकाराने कधी वखर लावला नाही, तिलाच आता ‘हायवे टच’ म्हणतात. तरीही ज्या गावाने तिथे शाळा बांधली त्याला आणि ज्याने तिथे फार्म हाउस घातलं त्याला एकाच नोंदीत बसवणं अन्यायाचंच होतं.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच, असा निकाल दिला. मात्र सक्षम अधिकाऱ्याने १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप केलेल्या, पण कागदावरचं वर्गीकरण न बदललेल्या जागांसाठी सवलत ठेवली : राज्याने जिल्हावार प्रस्ताव केंद्राकडे पाठवावेत, त्यांच्यासाठी पर्यायी वनीकरण किंवा वनाची किंमत भरण्याची अट नको. त्या तारखेनंतरच्या वाटपांसाठी मात्र ते का केलं आणि कोणी केलं, हे सांगावं लागेल. बाकीची झुडपी वन विभागाकडे. शहरात या निकालाची चर्चा प्लॉटच्या अंगाने झाली. गावात ती वेगळी आहे.

अशा एखाद्या गावात उभं राहून पाहिलं की कळतं. गावठाण संपतं तिथे एक लिंबाचं झाड, त्याच्यापुढे जिल्हा परिषदेची चार खोल्यांची शाळा, हापशी, शाळेमागे टाकी. टाकीच्या पुढे पंधरा-वीस घरं, कौलांची, पत्र्याची, एक-दोन स्लॅबची. त्यापुढे मुरमाचा उतार, त्यावर रायमुनिया, आणि नाल्याच्या काठाला पत्र्याच्या छताचं स्मशानाचं शेड. गावातल्या कोणाला विचारलं तर ही पाच वेगळी ठिकाणं आहेत. नकाशावर हा एकच खसरा असू शकतो आणि त्यापुढे एकच शब्द.

आता तारीख सिद्ध करायची आहे. घरांसाठी पट्टे, वाटपाचे आदेश, ते हरवले असतील तर ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सच्या जुन्या पावत्या. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर असतं, पहिल्या पानावर पहिल्या पोराचं नाव आणि साल मिळतं. नाल्याकाठी पहिलं प्रेत कधी जाळलं, हे मात्र कोणत्याच रजिस्टरात नाही. ते म्हाताऱ्यांना विचारावं लागतं, आणि म्हातारे सांगतात, मालगुजाराच्या बापाच्या वेळेपासून.